मेंदूच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे शिल्पकार : हार्वी कुशिंग

प्रास्ताविक

माणसाचे सारे शरीर ज्याच्या आज्ञेने चालते तो मेंदू निसर्गाने कवटीच्या बंद पेटीत जपून ठेवला आहे. बाहेरच्या आघातांपासून ही पेटी मेंदूचे रक्षण करते. परंतु आतच एखादी गाठ वाढू लागली, तर हीच पेटी मेंदूला जाचक ठरते. गाठ वाढत जाते, पण कवटी ताणली जात नाही. मग मेंदूवर दाब पडतो. डोके असह्य दुखू लागते, वांत्या होतात, दृष्टी मंदावते, हातपाय लुळे पडतात आणि उपचार न झाल्यास रोगी दगावतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अशा रोग्याला वाचवण्याचा खात्रीचा मार्ग वैद्यकाजवळ नव्हता.

आज मेंदूतील अनेक गाठी शस्त्रक्रियेने काढता येतात. सूक्ष्मदर्शक, चुंबकीय प्रतिमा आणि संगणक ही साधने शल्यविशारदाच्या मदतीला असतात. परंतु या प्रगतीचा पाया ज्या काळात घातला गेला, त्या काळात यांपैकी एकही साधन उपलब्ध नव्हते. तो पाया घालणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील डॉ. हार्वी कुशिंग यांचे स्थान अग्रभागी आहे. नवे साधन दिसताच ते पारखून घेण्याची दृष्टी आणि आपल्या यशापयशाची प्रामाणिक नोंद ठेवण्याची शिस्त, या दोन गुणांच्या बळावर त्यांनी एक जवळजवळ अशक्य वाटणारी शस्त्रक्रिया शक्य करून दाखवली. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेणार आहोत.

बालपण आणि शिक्षण

हार्वी कुशिंग यांचा जन्म 8 एप्रिल 1869 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलंड या शहरी झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वैद्यकीचा व्यवसाय त्यांच्या घराण्यात परंपरेनेच चालत आलेला होता. पणजोबा, आजोबा आणि वडील असे तिघेही डॉक्टर होते. वडील करड्या शिस्तीचे, मितभाषी आणि ज्ञानप्रेमी होते. आई प्रेमळ आणि सुसंस्कृत होती. परिश्रमाची सवय आणि ग्रंथांची आवड हार्वी यांना या घरातूनच मिळाली.

येल विद्यापीठात शिकत असताना ते बेसबॉल हा खेळ मोठ्या आवडीने खेळत. चित्रकलेतही त्यांचा हात चांगला चालत असे. पुढे शल्यविशारद झाल्यावर ही कला त्यांच्या फार उपयोगी पडली. शस्त्रक्रिया संपल्यावर आपण काय पाहिले आणि काय केले याची रेखाचित्रे ते स्वतःच काढून ठेवीत. 1891 साली येल येथील पदवी मिळवून ते बॉस्टनला गेले आणि हार्वर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले.

एका मृत्यूने दिलेला धडा

त्या काळी रुग्णाला भूल देण्याचे काम बहुधा विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. भूल देण्याचे वेगळे शास्त्र असते आणि त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ लागतो, ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. ईथर या द्रवात भिजवलेला बोळा नाकाशी धरायचा आणि रुग्ण बेशुद्ध झाला की शल्यविशारदाला खूण करायची, एवढेच शिक्षण पुरेसे मानले जाई.

1893 साली, वैद्यकीय शिक्षणाच्या प्रारंभीच्या काळातच, कुशिंग यांना एका रुग्णाला भूल देण्यास सांगण्यात आले. आतडे अडकल्याने त्या रुग्णाची स्थिती आधीच चिंताजनक होती. विद्यार्थ्यांनी भरलेल्या शस्त्रक्रियागृहात, सर्वांच्या डोळ्यांदेखत तो रुग्ण भूल चालू असतानाच मरण पावला. कुशिंग यांना जबर धक्का बसला. वैद्यकीचा अभ्यास सोडून द्यावा, असा विचारही त्यांच्या मनात आला. अशा घटना घडतच असतात, त्या मनाला लावून घेऊ नयेत, असे वरिष्ठांनी त्यांना समजावले. परंतु या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. जी गोष्ट वारंवार घडते ती टाळता येण्याजोगी आहे का, हे तपासले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

त्यांचा सहाध्यायी अर्नेस्ट कॉडमन हाही याच विचाराचा होता. दोघांनी आपसांत एक पैज लावली. जो अधिक सुरक्षित रीतीने भूल देईल तो जिंकला आणि हरणाऱ्याने जेवण द्यायचे, असे ठरले. या पैजेतून एक महत्त्वाची गोष्ट निर्माण झाली. भूल चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास किती आहे, हे ते दर काही मिनिटांनी एका तक्त्यावर नोंदवू लागले. नाडी बिघडू लागली की तक्त्यावरची रेघ धोक्याची सूचना देई आणि वेळीच उपाय करता येई. आज जगातील प्रत्येक शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञ अशी नोंद ठेवतो. या पद्धतीचा उगम दोन विद्यार्थ्यांच्या या पैजेत आहे.

बाल्टिमोरमधील दिवस

1895 साली कुशिंग यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. शरीर न कापता आतील हाडे दिसू शकतात, या वार्तेने सारे जग चकित झाले. तरुण कुशिंग यांनी या शोधाकडे केवळ नवल म्हणून पाहिले नाही. 1896 साली ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा क्ष-किरणांचे उपकरण त्यांनी तेथे नेले. एका रुग्णाच्या मणक्यात अडकलेली गोळी त्यांनी या किरणांच्या साहाय्याने शोधून दाखवली.

जॉन्स हॉपकिन्स येथे त्यांना विल्यम हॉलस्टेड यांच्यासारखे गुरू लाभले. त्या काळी वेगाने शस्त्र चालवणारा शल्यविशारद निष्णात समजला जाई. भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा रुग्णाच्या वेदना लवकर संपाव्यात म्हणून वेग आवश्यक होता. परंतु भूल आल्यानंतरही ती सवय सुटली नव्हती. हॉलस्टेड यांची रीत याच्या नेमकी उलट होती. ते संथपणे काम करीत. रक्ताची प्रत्येक बारीक नळी बांधून मगच पुढे जात आणि शरीराच्या पेशीजालाला अत्यंत हळुवारपणे हात लावीत. अशा जखमा लवकर भरून येतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. ही संथ, नेमकी पद्धत कुशिंग यांनी आत्मसात केली. पुढे मेंदूसारख्या नाजूक अवयवावर काम करताना तीच त्यांच्या उपयोगी पडली. तेथेच विल्यम ऑस्लर या थोर वैद्याचा सहवास त्यांना लाभला. ऑस्लर यांच्या घरचे ग्रंथालय त्यांच्यासाठी सदैव खुले असे.

युरोपातील शोधयात्रा

1900 साली कुशिंग युरोपच्या अभ्यासदौऱ्यावर गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे त्यांनी कवटीतील दाबाविषयी प्रयोग केले. कवटीच्या आतील दाब वाढला की मेंदूला रक्त कमी पडू लागते. मग शरीर रक्तदाब वाढवून मेंदूपर्यंत रक्त पोहोचवण्याची धडपड करते आणि त्याच वेळी नाडी मंदावते. वाढलेला रक्तदाब आणि मंदावलेली नाडी ही मेंदूवरील दाबाची खूण आहे, हे त्यांनी सप्रमाण दाखवले. आजही डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची तपासणी करताना डॉक्टर ही खूण पाहतात आणि तिला कुशिंग यांचेच नाव देतात.

1901 साली इटलीतील पाव्हिया या गावच्या रुग्णालयात त्यांना एक साधे उपकरण दिसले. रीव्हा-रोची या वैद्याने तयार केलेल्या या उपकरणात दंडाभोवती रबरी पट्टा गुंडाळून त्यात हवा भरायची आणि पाऱ्याच्या नळीवर रक्तदाब वाचायचा, अशी योजना होती. कुशिंग यांनी त्याचे महत्त्व तत्काळ ओळखले. त्यांनी त्याचे रेखाटन करून घेतले, एक नमुना मिळवला आणि तो बाल्टिमोरला नेला. त्यांच्या भूलतक्त्यात आता रक्तदाबाचीही भर पडली. बॉस्टनमधील काही ज्येष्ठ शल्यविशारदांना मात्र हे पटले नाही. नाडीवर ठेवलेल्या अनुभवी बोटाला जे कळते तेच अधिक भरवशाचे, असा त्यांनी निर्वाळा दिला. काळाने तो निर्वाळा खोटा ठरवला. आज खेड्यातील आरोग्यकेंद्रातही रक्तदाब मोजला जातो.

या रबरी पट्ट्यावरूनच कुशिंग यांना आणखी एक कल्पना सुचली. हवेने फुगणारा असाच पट्टा त्यांनी कपाळाभोवती बांधून पाहिला. त्यामुळे डोक्याची त्वचा कापताना होणारा रक्तस्राव आटोक्यात राहू लागला.

परतल्यावर 1902 साली कॅथरिन क्रोवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना पाच अपत्ये झाली.

रक्तस्रावाशी झुंज

मेंदूतील गाठ काढण्याचे प्रयत्न कुशिंग यांच्यापूर्वीही झाले होते. 1884 साली लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. तिचे स्थान केवळ रुग्णाच्या लक्षणांवरून निश्चित केलेले होते आणि ते अचूक निघाले. तथापि 28 दिवसांनी जंतुसंसर्गाने तो रुग्ण मरण पावला. पुढील काळात अशा शस्त्रक्रिया काही ठिकाणी होऊ लागल्या. परंतु नामांकित शल्यविशारदांच्या हातूनही तीनांतील एक, कधी दोनांतील एक रुग्ण दगावत असे. त्यामुळे बहुतेक डॉक्टर अशा रुग्णांना शस्त्रक्रियेचा सल्ला देण्यास कचरत.

यातील सर्वांत मोठी अडचण रक्तस्रावाची होती. हातापायांवरील शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी चिमट्यात पकडून दोऱ्याने बांधता येते. मेंदूत तसे करता येत नाही. मेंदू अतिशय मऊ असतो आणि त्यातील रक्तवाहिन्या नाजूक असतात. दोरा आवळण्याचा प्रयत्न केला तर वाहिनी तुटते आणि भोवतालच्या भागाला इजा होते. शिवाय काही गाठी रक्ताने गच्च भरलेल्या असतात. त्यांना हात लावताच रक्ताचा पाट वाहू लागतो, शल्यविशारदाला पुढचे काही दिसेनासे होते आणि काही मिनिटांत रुग्णाचा प्राण धोक्यात येतो.

कुशिंग यांनी या अडचणीवर एकेक करून उपाय शोधले. रक्तस्राव फार झाला तर ते शस्त्रक्रिया तेथेच थांबवीत, जखम शिवून टाकीत आणि काही दिवसांनी रुग्ण सावरल्यावर उरलेले काम करीत. 1911 साली त्यांनी चांदीच्या चिमट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. चांदीच्या बारीक तारेचा लहानसा तुकडा वाकवून तो रक्तवाहिनीवर बसवायचा आणि दाबून टाकायचा. दोरा बांधण्याची गरज उरत नाही आणि जेथे बोट पोहोचत नाही तेथेही वाहिनी बंद करता येते. चांदी शरीराला बाधत नाही, त्यामुळे ही चिमटी आतच राहू दिली तरी चालते. साधन किती साधे, पण त्याने किती रुग्णांचे प्राण वाचले!

या काळातील एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. अमेरिकी सेनेतील जनरल लिओनार्ड वुड यांच्या मेंदूवरील आवरणात गाठ झाली होती. त्यांना झटके येत आणि डावा पाय दुबळा होत चालला होता. 1910 साली कुशिंग यांनी ती गाठ काढली. थोड्याच दिवसांत जनरल वुड आपल्या कामावर रुजू झाले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी मोठमोठी पदे सांभाळली. या यशामुळे मेंदूच्या शस्त्रक्रियेविषयी लोकांच्या मनात विश्वास निर्माण झाला.

1912 साली कुशिंग बॉस्टनला गेले. तेथील नव्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयाचे ते प्रमुख शल्यविशारद झाले. त्याच वर्षी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या विकारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1915 साली त्यांनी आपल्या शस्त्रक्रियांचा हिशेब जाहीर केला. त्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे 8 टक्के इतके खाली आलेले होते. प्रत्येक यशाबरोबर प्रत्येक अपयशही त्यांनी या हिशेबात मांडले होते.

युद्धभूमीवर

पहिल्या महायुद्धात कुशिंग यांनी फ्रान्स आणि बेल्जियममधील आघाडीवर जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. तोफगोळ्यांचे तुकडे डोक्यात घुसलेले सैनिक त्यांच्यापुढे रांगेने आणले जात. मेंदूत रुतलेले पोलादाचे तुकडे काढण्यासाठी त्यांनी चुंबकाचा उपयोग केला. जखमेतील मृत भाग बारीक रबरी नळीने हळुवारपणे शोषून घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. 1917 सालच्या लढाईत तीन महिन्यांच्या अवधीत मेंदूच्या खोल जखमांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे 55 टक्क्यांवरून 29 टक्क्यांपर्यंत उतरले.

याच युद्धात ऑस्लर यांचा एकुलता एक पुत्र रीव्हिअर जबर जखमी झाला. त्याला वाचवण्याच्या प्रयत्नांच्या वेळी कुशिंग तेथे हजर होते. परंतु यश आले नाही. पुढे ऑस्लरही निवर्तले. कुशिंग यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि 1926 साली त्या ग्रंथाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. युद्धाच्या काळातच कुशिंग यांना एक गंभीर आजार झाला. त्यातून ते बरे झाले, पण पायांचे दुखणे जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिले.

विजेची सुरी

1926 हे वर्ष कुशिंग यांच्या आयुष्यात सन्मानाचे, दुःखाचे आणि मोठ्या शोधाचे ठरले. जून महिन्यात त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात मरण पावला. ही वार्ता कळली त्या सकाळी एका रुग्णाची शस्त्रक्रिया ठरलेली होती. कुशिंग यांनी पत्नीला ही दुःखद बातमी कळवली आणि मग ते शस्त्रक्रियागृहात गेले. ठरलेली शस्त्रक्रिया त्यांनी पार पाडली.

त्या काळी हार्वर्ड येथे विल्यम बोव्ही हे शास्त्रज्ञ विजेच्या एका उपकरणावर काम करीत होते. घरातील साधी वीज शरीरातून गेली तर स्नायू आकसतात आणि माणसाचा प्राणही जाऊ शकतो. परंतु सेकंदाला लाखांहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह शरीरातून नेला तर स्नायू आकसत नाहीत. असा प्रवाह बारीक टोकातून सोडला की त्या टोकाशी तीव्र उष्णता निर्माण होते. प्रवाहाचा एक प्रकार वापरला तर पेशीजाल कापले जाते. दुसरा प्रकार वापरला तर रक्त साकळते आणि वाहिनीचे तोंड बंद होते. बोव्ही यांच्या उपकरणात या दोन्ही गोष्टींची सोय होती.

कुशिंग यांच्याकडे तेव्हा 64 वर्षांचा एक रुग्ण होता. त्याच्या डोक्यावर रक्ताने भरलेली मोठी गाठ होती. सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी ती काढण्यास प्रारंभ केला. पण रक्तस्राव आवरेना, म्हणून शस्त्रक्रिया अर्धवट सोडावी लागली. 1 ऑक्टोबर 1926 रोजी बोव्ही आपले उपकरण घेऊन त्यांच्या शस्त्रक्रियागृहात आले. तारेच्या टोकाने गाठीचा एकेक भाग कापून काढण्यात आला आणि रक्त जागच्या जागी साकळू लागले. खोलीत धूर आणि जळकट वास पसरला, पाहणाऱ्यांना ते दृश्य सहन होईना. परंतु तीन दिवसांपूर्वी जी गाठ काढणे अशक्य ठरले होते ती त्या दिवशी निघाली.

नव्या साधनाबरोबर नवे धोकेही आले. एकदा वीज धातूच्या हत्यारातून कुशिंग यांच्या हातात शिरली आणि त्यांना झटका बसला. ईथर हा ज्वलनशील पदार्थ असल्याने ठिणगीने पेट घेण्याची भीती होती, म्हणून भूल देण्याच्या रीतीतही बदल करावे लागले. तरी त्यांनी उपकरण टाकून दिले नाही. त्यातील दोष बोव्ही यांच्या साहाय्याने एकेक करून दूर केले. ज्या रुग्णांच्या गाठी पूर्वी काढता येणार नाहीत म्हणून सोडून दिल्या होत्या, त्यांपैकी काहींना त्यांनी पुन्हा बोलावले आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. 1928 साली त्यांनी हा सारा अनुभव प्रसिद्ध केला. त्यासोबत बोव्ही यांचे टिपणही छापण्यात आले. या उपकरणातून बोव्ही यांना स्वतःला फारसे धन मिळाले नाही. मात्र आजही जगभरातील अनेक शस्त्रक्रियागृहांत विजेची ही सुरी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

नवे साधन हाती आले तरी प्रत्येक लढाई जिंकता येत नाही, हेही कुशिंग यांना अनुभवावे लागले. जनरल वुड यांची गाठ पुन्हा वाढली. ऑगस्ट 1927 मध्ये कुशिंग यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. परंतु त्यानंतर काही तासांतच वुड यांचे निधन झाले. ज्या रुग्णाने त्यांना कीर्ती मिळवून दिली होती, त्याचाच मृत्यू त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर व्हावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली.

नोंदवह्या, शिष्य आणि स्वभाव

कुशिंग यांच्या कार्यात लुईस आयझेनहार्ट या विदुषीचा मोठा वाटा होता. त्या प्रथम लेखनसाहाय्यक म्हणून त्यांच्याकडे आल्या. नंतर त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि गाठींची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करण्यात त्या निष्णात झाल्या. स्त्रियांना वैद्यकशास्त्राची दारे पुरती उघडलेली नव्हती, अशा काळात त्यांनी मिळवलेले हे स्थान लक्षणीय आहे. कुशिंग यांच्या प्रत्येक गाठीच्या रुग्णाची नोंद त्या ठेवीत. रुग्ण घरी गेल्यावरही त्याची चौकशी थांबत नसे. दरवर्षी पत्र लिहून आपली प्रकृती कळवावी, असे रुग्णांना सांगितलेले असे. त्यामुळे कोणती गाठ पुन्हा वाढते आणि कोणती वाढत नाही, याचे ज्ञान हळूहळू साठत गेले. त्या आधारे 1926 साली कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी मेंदूच्या पेशीजालातून उगवणाऱ्या गाठींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. 1931 साली कुशिंग यांनी मेंदूच्या गाठीची दोन हजारावी शस्त्रक्रिया केली.

कुशिंग यांचा स्वभाव मात्र सर्वस्वी गोड नव्हता. ते रुग्णांशी ममतेने वागत, पण सहकाऱ्यांच्या लहानशा चुकीवरही संतापत. कामाच्या ओढीने कुटुंबाला त्यांना पुरेसा वेळ देता आला नाही. घरचा आणि मुलांचा भार मुख्यतः कॅथरिन यांनीच वाहिला. थोर माणसाच्या कार्याचा विचार करताना त्या कार्याची किंमत आणखी कोणी मोजली, हेही विसरता कामा नये.

अखेरची वर्षे आणि वारसा

1932 साली कुशिंग ब्रिगहॅम रुग्णालयातून निवृत्त झाले. त्याच वर्षी पीयूषिका ग्रंथीतील बारीक गाठीमुळे चेहरा गोल होणे, अंगावर मेद वाढणे आणि रक्तदाब चढणे अशी लक्षणे दिसणाऱ्या विकाराचे त्यांनी सविस्तर वर्णन केले. हा विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे ते येल विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1938 साली मेंदूच्या आवरणातील गाठींवरचा ग्रंथ त्यांनी आयझेनहार्ट यांच्यासह प्रसिद्ध केला. 7 ऑक्टोबर 1939 रोजी हृदयविकाराने न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर तपासणी केली असता त्यांच्या मेंदूतही एक लहानशी गाठ आढळली. ज्यांनी जन्मभर इतरांच्या गाठी शोधल्या, त्यांच्या मस्तकात ती कोणालाही नकळत राहिली होती.

कुशिंग यांनी जपलेले मेंदूचे नमुने, छायाचित्रे आणि नोंदी त्यांच्या पश्चात अनेक वर्षे तळघरात पडून होत्या. 2010 साली येल येथे त्यांचे संग्रहालय उघडण्यात आले. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या वाइल्डर पेनफील्ड यांनी कॅनडातील माँट्रियल येथे मेंदूविज्ञानाची संस्था स्थापन केली. त्या संस्थेत शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी 1949 साली तामिळनाडूतील वेल्लोर येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. भारतातील या शास्त्राच्या उभारणीला तेथून चालना मिळाली. अशा रीतीने कुशिंग यांची परंपरा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचली आहे.

भूलतक्ता वगळला तर कुशिंग यांच्या हातातील बहुतेक साधने मुळात दुसऱ्यांनी शोधलेली होती. क्ष-किरण जर्मनीतून आले, रक्तदाबमापक इटलीतून आला आणि विजेची सुरी शेजारच्या प्रयोगशाळेतून आली. परंतु त्या साधनांचा उपयोग कोठे होईल हे त्यांनी ओळखले, उपयोग करताना झालेले नुकसान लपवले नाही आणि जे शिकले ते सर्वांसाठी खुले केले. तरुणपणी डोळ्यांसमोर झालेला एक मृत्यू त्यांनी विस्मरणात जाऊ दिला नाही. म्हणूनच पुढील अनेक मृत्यू टळले. साधने काळानुसार बदलत जातात. ती हाताळणाऱ्या माणसाची दक्षता आणि प्रामाणिकपणा यांची गरज मात्र कधीच संपत नाही.

स्वाध्याय

1. भूल देण्याच्या कामी कुशिंग आणि कॉडमन यांनी कोणती नवी पद्धत सुरू केली? तिची गरज का भासली?
2. मेंदूतील रक्तस्राव थांबवणे हातापायांवरील रक्तस्राव थांबवण्यापेक्षा कठीण का असते, ते सांगा.
3. 1 ऑक्टोबर 1926 रोजी झालेल्या शस्त्रक्रियेचे महत्त्व आपल्या शब्दांत लिहा.
4. लुईस आयझेनहार्ट यांच्या कार्याविषयी चार ते पाच वाक्ये लिहा.
5. अपयशाची नोंद ठेवणे हे यशाची नोंद ठेवण्याइतकेच महत्त्वाचे आहे, या विचाराविषयी आपले मत उदाहरणासह मांडा.
6. आपण करीत असलेल्या कामात गेल्या काही वर्षांत कोणते नवे साधन आले? त्याचे फायदे आणि धोके यांविषयी दहा ओळी लिहा.